जुन्या अमेरिकन विंडसर खुर्च्या: जोड सैल का होतात आणि अस्सल खुर्ची ओळखायची कशी?

ओसरी
फिलाडेल्फियाच्या आसपास इस्टेट सेलला (घरातलं जुनं सामान विकतात तिथे) गेलं की विंडसर खुर्ची हमखास दिसते. फाकलेले चार कातीव पाय, जाड फळीची कोरलेली बैठक, वर बारीक काड्यांची पाठ आणि त्या काड्यांना कवेत घेणारी वाकवलेली कमान. मूळ इंग्लंडची, पण १७४०च्या दशकापासून फिलाडेल्फियात ती मोठ्या प्रमाणावर बनू लागली आणि तिथल्या कारागिरांनी तिला बारीक, हलकं, अगदी वेगळं रूप दिलं. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात फ्रान्सिस ट्रंबलने पेनसिल्व्हेनियाच्या स्टेट हाऊसला (आताचा इंडिपेन्डन्स हॉल) अशा खुर्च्या पुरवल्या. १७९६ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनने माउंट व्हर्नन या आपल्या घराच्या व्हरांड्यासाठी गिल्बर्ट आणि रॉबर्ट गॉ या भावांकडून २४ खुर्च्या घेतल्या.

माझं मत असं, की या खुर्च्या दोनशे वर्षं टिकल्या त्या लाकडाची निवड, त्यातला ओलावा आणि जोडांची रचना यांच्या जोरावर. चिकटवण्याचा त्यात फारसा वाटा नाही. आणि आज ज्या मोडतात त्या बहुतेक नंतरच्या दुरुस्त्यांमुळे.

जाणकारांसाठी तीन प्रश्न: हिवाळ्यात जोड सैल होतात त्याचं नेमकं कारण आणि योग्य दुरुस्ती कोणती? अस्सल जुनी खुर्ची कशी ओळखावी? आणि जुना रंग काढावा की ठेवावा?

तळेगावकर
शीर्षकात खुर्ची आणि जोड सैल झालेले पाहून निवडणुकीचा धागा समजून आलो होतो. :) थांबतो, विषय आवडला.

कातारी
लाकडापासून सुरुवात करू, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. एका विंडसरमध्ये तीन वेगवेगळ्या जातींचं लाकूड असतं, आणि ते काटकसर म्हणून नाही.

बैठक मऊ लाकडाची: न्यू इंग्लंडात पांढरा पाइन, पेनसिल्व्हेनियात ट्युलिप पॉप्लर. फळी साधारण दोन इंच जाड. मऊ असल्यामुळे वाकस (आडव्या पात्याचं तासायचं अवजार) आणि गोल धारेच्या सुरीने खोलवर कोरता येते. पाय मेपलचे, कारण मेपलचा पोत घट्ट आणि एकसारखा; चरकावर (लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर) बारीक गळे, मणी, फुगवटे काढले तरी कडा उडत नाहीत. काड्या आणि कमान हिकरी, ओक किंवा ॲशची, कारण या लाकडांचे तंतू लांब आणि चिवट. पाठीला रेललं की काड्या थोड्या लवतात आणि भार आपापसांत वाटून घेतात. पाठीची काडी वरच्या टोकाला जेमतेम ५/१६ ते ३/८ इंच. एवढी बारीक काडी टिकते ती करवतीने कापलेली नसून ओंडक्यातून फाडून काढलेली असते म्हणून. फाडताना चीर तंतूंच्या बाजूनेच जाते, त्यामुळे प्रत्येक तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहतो. करवत सरळ जाते, तंतू तिरपे असले तर मध्येच तुटतात, आणि काडी नेमकी तिथेच मोडते.

तीन जाती एकत्र आल्या की रंगही तीन दिसतात. म्हणून या खुर्च्या पहिल्यापासून रंगवलेल्याच असत, अठराव्या शतकात बहुतेक हिरव्या. जवसाच्या तेलात घोटलेला ताम्रगंजाचा तो हिरवा काळाबरोबर काळसर होत जातो. 'नैसर्गिक लाकूड दिसावं' म्हणून खरवडून पॉलिश केलेली विंडसर ही विसाव्या शतकातली आवड आहे.

रंधा_पटाशी
@ओसरी, पहिल्या मताशी अर्धाच सहमत. सरस वापरत नव्हते असं नाही. खुर्ची बनवणारे सरस वापरायचे, फक्त जोड सरसावर अवलंबून ठेवत नव्हते. हा फरक दुरुस्तीच्या वेळी महत्त्वाचा ठरतो.

ओसरी
मान्य. 'फारसा वाटा नाही' हे मी जास्त ताणून लिहिलं. पण मग जोड धरून काय ठेवतं, तेही सांगा ना.

रंधा_पटाशी
दोन वेगळ्या युक्त्या आहेत. एक पाय आणि बैठकीच्या जोडात, दुसरी पायांमधल्या आडव्या दांड्यांत.

पायाचं वरचं टोक निमुळतं केलेलं असतं आणि बैठकीतलं भोकही तसंच निमुळतं. आधी गिरमिटाने सरळ भोक, मग शंकूच्या आकाराच्या रीमरने ते खालच्या बाजूला रुंद. माणूस बसला की पाय आणखी आत रुतू पाहतो, म्हणजे वापराने जोड घट्टच होतो. बैठकीच्या वर आलेल्या टोकात चीर पाडून कठीण लाकडाची पाचर ठोकतात. पाचरीची दिशा मात्र चुकता कामा नये. ती बैठकीच्या तंतूंना काटकोनातच हवी. तंतूंना समांतर ठोकलीत तर ती लाकूड दोन्हीकडे ढकलते आणि फळी भोकापासून चिरते. चिरलेल्या बऱ्याच बैठकींचं कारण हेच, कुणीतरी नंतर बदललेली पाचर.

दुसरं म्हणजे आडव्या दांड्या. त्या पायांना एकत्र खेचून धरतात असा सार्वत्रिक समज आहे. चांगल्या विंडसरमध्ये त्या उलट काम करतात. दांडी मोजमापापेक्षा एक अष्टमांश ते पाव इंच लांब ठेवतात, आणि बसवल्यावर ती पायांना बाहेर ढकलत राहते. दांडी कायम दाबाखाली असल्यामुळे कुसू (दांडीचं खाचेत बसणारं टोक) खाचेतून निसटायला जागाच उरत नाही. म्हणून सैल झालेल्या विंडसरच्या पायांना शिकंजा लावून आत आवळणं ही पहिली घोडचूक. त्याने रचनाच उलटी होते.

मेरवान_पथ
शिडीसारख्या पाठीच्या खुर्च्यांत तिसरी युक्ती असते, तीही इथे यावी. चार उभे खांब, त्यांत आडव्या दांड्या, पाठीला पट्ट्या. इथे फळीची बैठक नाही, त्यामुळे सगळा भार खांब आणि दांडीच्या जोडावर. कारागीर खांब किंचित ओला ठेवतात (ओलावा १५ ते २० टक्के) आणि दांड्या चुलीशेजारी किंवा गरम वाळूत खडखडीत वाळवतात (५-६ टक्के). जोडल्यावर खांब सुकून आवळतो, दांडी हवेतला ओलावा घेऊन फुगते. शिवाय बाजूच्या दांडीचं भोक पाडताना ते समोरच्या दांडीच्या कुसवाला थोडं कापून जातं. बाजूची दांडी त्या कापात बसली की समोरची निघूच शकत नाही, ती आतून अडकलेली राहते.

खांब हिरवागार ओला असला तर मात्र तो सुकताना भोकापाशी तडकतो. आणि दांडीचा कुसू ओला असतानाच शेवटच्या मापाला आणला तर सुकल्यावर अंडाकृती होतो आणि दोन बाजूंनी फट राहते. म्हणून आधी जाड ठेवायचा, वाळवायचा, मग मापाला आणायचा.

उंबरठा
कमान वाकवतात कशी? आणि काही कमानींवर बाहेरच्या बाजूने छिलका उठलेला दिसतो, तो जुनेपणाचा की दोषाचा?

कातारी
दोषाचा, आणि तो बहुधा पहिल्याच दिवसापासूनचा. वाकवताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. तंतू एखाद्या जागी पृष्ठभागातून बाहेर निसटत असेल तर ताणाखाली तो तिथेच उठतो. म्हणून कमानीची पट्टी फाडल्यावर ड्रॉनाइफने (दोन मुठींची, अंगाकडे ओढायची सुरी) तासताना कारागीर सरळ रेषेच्या मागे न लागता तंतूच्या मागे लागतो. तंतू वळला तर पट्टीही वळते, आणि तशीच राहू द्यायची.

वाफेचा ढोबळ हिशेब इंचाला एक तास. पाऊण इंचाची कमान पाऊण तास वाफेत. पेटीतून काढल्यावर हाताशी अर्धं मिनिटही नसतं. साचा, खुंट्या, पाचरी सगळं आधी मांडून ठेवायचं आणि मधून सुरू करून दोन्ही बाजू एकाच वेळी, न थांबता ओढायच्या. थांबलात की लाकूड थंड होतं आणि त्याच जागी मोडतं. भट्टीत वाळवलेलं लाकूड इथे चालत नाही. ते एकदा कडक सुकलं की वाफेने पूर्वीसारखं मवाळ होत नाही.

सगळ्यात अवघड ती न्यूयॉर्कची अखंड हाताची खुर्ची, १७८०च्या दशकाच्या अखेरीपासूनची. त्यात एकच पट्टी पाठीची कमान होते, वळून आडवी होते आणि हात बनते. दोन वेगळ्या पातळ्यांतला वाक. जिथे पाठ संपून हात सुरू होतो ती तिची दुबळी जागा. अशी खुर्ची घेताना बोट फिरवून तिथेच आधी पाहा: बारीक चीर, खालून मारलेली पत्र्याची पट्टी, सरसाचा ओघळ.

सागवान
महाराष्ट्रात कुणाला अशी खुर्ची बनवायची असेल तर लाकूड कोणतं? साग चालेल?

कातारी
काड्यांना साग नको. तो टिकाऊ आहे, पण बारीक काडीला लागणारी लवचीकता त्यात नाही, खट्कन तुटतो. धामण पाहा. अवजारांचे दांडे, गाडीच्या दांड्या, पूर्वी धनुष्यंसुद्धा त्याची होत, म्हणजे गुण नेमका हवा तोच. तुतीही वाकते, हॉकीच्या काठ्या तिच्याच. बैठकीला शिवण: हलकी, कोरायला सोपी आणि सुकल्यावर फारशी हालत नाही. पायांना कातकामात कडा धरेल असं कोणतंही घट्ट पोताचं लाकूड चालेल. खरी अडचण वखारीत आहे. तिथे कापलेला माल मिळतो, तुम्हाला हवा ताजा, गाठी नसलेला सरळ ओंडका.

नारळीपौर्णिमा
अवांतर, पण भारताचा धागा इथे आहे. पेनसिल्व्हेनियातल्या न्यू होपचे फर्निचर कारागीर जॉर्ज नाकाशिमा १९३०च्या दशकात पाँडिचेरीला गोलकोंड या इमारतीच्या कामावर होते आणि १९६४ मध्ये अहमदाबादच्या एनआयडीतही (राष्ट्रीय डिझाइन संस्था) त्यांनी फर्निचर केलं. त्यांच्या काड्यांच्या खुर्च्या उघडउघड विंडसरच्या वंशातल्या: अक्रोडाची कोरलेली बैठक, हिकरीच्या काड्या. जुन्या युक्त्या विसाव्या शतकात किती सहज उतरतात ते त्यांत दिसतं.

मेरवान_पथ
तसंच म्हणायचं तर शेकर खुर्च्याही घ्याव्या लागतील. न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट लेबनॉनच्या शेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १८६० च्या दशकापासून रॉबर्ट वॅगन यांच्या देखरेखीखाली खुर्च्यांचा मोठा धंदा उभारला. मापं ० ते ७, शून्य सगळ्यात लहान मुलासाठी. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात त्या मांडल्या होत्या. मला त्यांतलं सर्वांत आवडतं ते मागच्या पायांच्या तळाशी बसवलेलं गोळा आणि वाटीचं सांधणं. मागे रेलून खुर्ची दोन पायांवर आली तरी तळ जमिनीवर सपाट राहतो, जमिनीला खड्डा पडत नाही. जॉर्ज ओ'डोनेल यांनी १८५२ मध्ये त्याची धातूची आवृत्ती पेटंट केली.

बैठक विणायला एक इंच रुंदीची सुती किंवा लोकरी पट्टी. आधी पुढून मागे गुंडाळायची, मध्ये गादीसाठी भरण, मग आडवी विणायची, वर-खाली दोन्हीकडून, म्हणजे चौकटी दोन्ही बाजूंना येतात. भरण कमी घातलं तर वर्षभरात खोलगट होते. पट्टी गुंडाळताना फार ताणली तर दांड्या आत वाकतात. हाताने दाबल्यावर जेमतेम दबेल इतपतच.

वेताची_छडी
पाणकणसाच्या पात्यांची बैठक हा वेगळाच प्रकार. पाती उन्हाळ्याच्या अखेरीस, पूर्ण वाढल्यावर पण हिरवी असतानाच कापतात, सावलीत वाळवतात, विणायच्या आदल्या दिवशी ओली करून फडक्यात गुंडाळतात. विणताना दोन-तीन पाती एकत्र पिळून दोर करायचा, चारही कोपऱ्यांपासून मध्याकडे जायचं. पीळ फक्त वरच्या दिसणाऱ्या भागाला देतात, खाली देत नाहीत. ओलेपणी घट्ट वाटतं ते सुकल्यावर सैल पडतं, म्हणून प्रत्येक फेरीनंतर लाकडी पट्टीने दोर शेजारच्या दोराला चेपायचे. यावर गुडघा टेकवून उभं राहू नये. सुकलेलं पातं वाकवलं की तुटतं.

खडूफळा
काळ्या रंगावर सोनेरी फळं-पानं काढलेल्या खुर्च्या याच काळातल्या का? मागे बैठकीच्या कडेवर 'एल. हिचकॉक' असं काहीसं असतं.

रेघोटी
त्या जरा नंतरच्या. लॅम्बर्ट हिचकॉक, कनेक्टिकट, १८२० च्या दशकापासून. लाल रंगावर काळा, मग ओलसर चिकट रोगणावर कापलेला साचा ठेवून ब्राँझची भुकटी बोटाला गुंडाळलेल्या मखमलीने चोळायची. कडेला भुकटी दाट, आत विरळ, त्यामुळे फळ गोल दिसतं. रोगण फार ओलं असलं तर भुकटी बुडते आणि डाग पडतो. फार सुकलं तर चिकटतच नाही. हीच कंपनी १९४६ मध्ये नव्याने सुरू झाली आणि २००६ पर्यंत चालली, तेव्हा नुसत्या शिक्क्यावर जाऊ नये.

परखणी
इथून दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. शिक्का, डाग, किड्यांची भोकं, सगळं बनवता येतं. १९६९ मध्ये ऱ्होड आयलंडचे शिल्पकार आर्मंड लामोंटान यांनी सतराव्या शतकातल्या ब्रूस्टर खुर्चीची (कातीव काड्यांची जुनी आरामखुर्ची) हुबेहूब प्रतिकृती केली. मिशिगनच्या हेन्री फोर्ड म्युझियमने १९७० मध्ये ती अस्सल समजून ९,००० डॉलरला घेतली. १९७७ मध्ये खरं बाहेर आलं: आतली भोकं आधुनिक ड्रिलने पाडलेली होती. जे दिसत नाही तिथे कारागीर आपला काळ सोडून जातो, म्हणून खुर्ची उलटी करूनच पाहावी.

मी पाहतो ते असं. कातीव पायाचा व्यास कॅलिपरने दोन काटकोनी दिशांनी मोजतो. ताज्या मेपलवर कातलेला पाय सुकताना एका दिशेने जास्त आकसतो. सुमारे दोन इंचाच्या पायात दीड मिलिमीटरचा फरक सहज दिसतो. अगदी गोल असेल तर कोरड्या लाकडावर नंतर कातलेला. मग बैठकीचा तळ. हाताच्या रंध्याचे किंवा वाकसाचे आडवेतिडवे उंचसखल माग हवेत. वर्तुळाकार करवतीचे कमानदार ओरखडे असले तर साधारण १८३०च्या आधीची नाही. टोकदार स्क्रू १८४० च्या दशकाच्या उत्तरार्धानंतरचे, चौफुलीच्या खाचेचे १९३० च्या दशकापासूनचे.

किड्यांच्या भोकांबद्दल: किडा पृष्ठभागाला काटकोनात बाहेर पडतो, त्यामुळे भोक गोल दिसतं. पृष्ठभागावर लांबट नाळीसारखं बीळ उघडं पडलेलं असेल तर लाकूड किडल्यानंतर तासलेलं आहे. जुन्या तुळईतून नवी खुर्ची.

बैठकीची उंची जमिनीपासून १७-१८ इंच अपेक्षित. १५ भरली तर पाय झिजलेत किंवा डोलखुर्चीचे वाकडे रूळ बसवायला कापलेत. पाय पुन्हा लांब केले असतील तर सांध्यावर रंगाची रेघ बदलते.

सागवान
फिलाडेल्फियाच्या महागड्या महोगनी खुर्च्यांनाही हेच निकष का?

परखणी
कातकामाचा निकष तिथे चालत नाही, वाकडे पाय कोरलेले असतात. तिथे बैठकीची चौकट पाहतात. फिलाडेल्फियात बाजूच्या पट्टीचा कुसू मागच्या खांबातून आरपार येतो आणि पाठीमागून चौकोनी टोक दिसतं. बोस्टन, न्यूयॉर्कला सहसा नाही. संच असेल तर चौकटीत आणि सुट्या गादीच्या सांगाड्यावर पटाशीने कोरलेले रोमन आकडे असतात, ते जुळतात का पाहा. १९८७ मध्ये कॅडवॅलडर कुटुंबाची केसाळ पंजाच्या पायांची आरामखुर्ची २७.५ लाख डॉलरला लिलावात गेली. त्या किमतीचा दबाव इतका, की एका जुन्या खुर्चीच्या अवयवांतून दोन 'अस्सल' खुर्च्या झाल्याची उदाहरणं बाजारात सापडतात.

उंबरठा
रंगाचा प्रश्न राहिलाच. खाली मूळ हिरवा असेल तर वरचे थर काढू का?

रेघोटी
घरी नका. मूळ थर ही खुर्चीची निम्मी किंमत आणि तिचा पुरावाही. शिवाय जुन्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता. अमेरिकेत घरगुती रंगांतलं शिसं १९७८ मध्ये बंद झालं. पॉलिश पेपरने कोरडं घासलंत तर ती धूळ श्वासात आणि लहान मुलांच्या हातांत जाते. हार्डवेअरच्या दुकानात शिशाची चाचणी करण्याच्या कांड्या मिळतात, आधी ती चाचणी. नुसती धूळ असेल तर ओलसर फडकं. पोपडे उठले असतील तर ते परत चिकटवणं हे संग्रहालयाच्या तोडीच्या माणसाचं काम.

न्यूजर्सीकर
मूळ प्रश्न अजून बाकी आहे: हिवाळ्यात सैल का? इथे बायकोने सुचवलेला उपाय म्हणजे पाय ओल्या फडक्यात रात्रभर गुंडाळायचे.

रंधा_पटाशी
वहिनींना सांगा, आज घट्ट होईल आणि फेब्रुवारीत आधीपेक्षा सैल. ईशान्य अमेरिकेत उन्हाळ्यात घरातली आर्द्रता ६०-७० टक्के, हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं की २०-२५. उन्हाळ्यात कुसू फुगतो, पण खाच त्याला जागा देत नाही, म्हणून त्याचे तंतू चेपले जातात. चेपलेले तंतू पूर्ववत होत नाहीत. हिवाळ्यात सुकला की तो आधीच्यापेक्षा बारीक असतो. हे दरवर्षी थोडं थोडं होतं. पाण्याने फुगवणं म्हणजे तेच एका रात्रीत, जास्त जोरात. हिवाळ्यात खोलीत ४० टक्के आर्द्रता ठेवणारा ह्युमिडिफायर ही पहिली दुरुस्ती, बाकी नंतर.

न्यूजर्सीकर
आणि जोड आधीच हलत असेल तर?

रंधा_पटाशी
आधी चुंबक फिरवा. आत खिळा असेल तर तो काढल्याशिवाय जोड उघडायचा नाही, लाकूड फाटतं. मग प्रत्येक भागावर चिकटपट्टीने क्रमांक आणि बाण. जो जोड घट्ट आहे त्याला हात लावायचा नाही. सैल जोड रबरी हातोड्याने, फळीचा तुकडा मध्ये धरून, सरळ रेषेत. न सुटल्यास स्पिरिटचे दोन थेंब जोडाच्या तोंडाशी. जुना सरस त्याने ठिसूळ होतो आणि तडकतो. आधी रंगावर आडजागी तपासा, काही रोगणं स्पिरिटने विरघळतात. पांढरा गोंद वापरलेला असेल तर कोमट व्हिनेगर, आणि वेळ.

कुसू बारीक झाला असेल तर भोकात भुसा-गोंद भरू नका. त्याच जातीच्या लाकडाची रंध्याने काढलेली पातळ साल सरसाने कुसवाभोवती चिकटवा, वाळली की मापाला आणा. हाताने ढकलून दोन तृतीयांश जावा आणि उरलेला ठोकून, इतपत. ताजा सरस ६० अंश सेल्सिअसला पातळ करून दोन्ही बाजूंना. जुन्या सरसावर नवा सरस धरतो, म्हणून खाच लाकूड दिसेपर्यंत खरवडायची गरज नाही. इपॉक्सी नको: पुढच्या वेळी जोड उघडणार नाही, लाकूड मोडेल.

पायाची वरची पाचर काढायची असेल तर अरुंद पटाशीने तिचेच तुकडे करा, ड्रिलने पाय पोखरू नका. आणि काही जुन्या खुर्च्यांत पाय बैठकीच्या वर येतच नाही, पाचर आतच लपलेली असते. तो जोड हलत नसेल तर बिलकुल छेडू नका.

न्यूजर्सीकर
डावीकडचा मागचा पाय बैठकीच्या वर दोन मिलिमीटर उठला आहे, बोटाला लागतो. तो सपाट कापून टाकू?

कातारी
नका. बैठक आकसली, पाय लांबीत आकसत नाही, म्हणून टोक वर आलं. ते जुन्या जोडाचं लक्षण आहे आणि जोड घट्ट असेल तर काही बिघडलेलं नाही. बसणाऱ्याच्या कपड्याला अडकत असेल तर फक्त कडा कानशीने मोडा आणि वर मेणाचा हात फिरवा.